वर्गात जाताना हातचं काम घेऊन जा

जूनपासून तुला उपयोजित कलेच्या कॉलेजात आठवड्यातले दोन दिवस अक्षररचना शिकवायची आहे, घरी फॉन्टची कामं सुरू आहेत आणि आता पीएच.डी.चा अर्जही भरून बसली आहेस. जो तो विचारतोय, एवढं सगळं जमवणार कसं? तीन वेगळी कामं समजून केलीस तर नाहीच जमणार, हे आधीच सांगून ठेवते. एकच प्रश्न घ्यायचा आणि तोच तिन्हीकडे फिरवायचा. तो कसा फिरवायचा, एवढंच आज सांगणार आहे. बाकीचा उपदेश करायला तुझी आई समर्थ आहे.

वर्गात पूर्ण झालेला फॉन्ट नेऊ नकोस. प्रोजेक्टरवर तो झळकला की मुलं 'भारी आहे मॅडम' म्हणतात, फोटो काढतात आणि तास संपतो. जिथे घोडं अडलंय तो कागद ने. समजा, तुझ्या सध्याच्या अक्षरांत एक परिच्छेद छापून पाहिलास आणि ओळींमध्ये मधूनमधून काळे डाग दिसतायत, पण ते नेमके कशाने पडतायत हे तुला उमगलेलं नाही. उत्तम. तो परिच्छेद मोठा करून भिंतीला लाव. मुलांना मागच्या भिंतीपाशी उभं कर, डोळे किलकिले करायला सांग आणि मग एकेकाला पुढे बोलावून जिथे डाग दिसला तिथे पेन्सिलीने गोल करायला लाव. अख्ख्या वर्गाचे गोल एकाच कागदावर पडले की कुठली जागा खरोखर काळी आहे आणि कुठली नुसती तुझ्या डोक्यात बसली आहे, हे कळतं.

माझा अंदाज विचारशील तर बहुतेक गोल 'च्या', 'ल्या', 'ण्या', 'त्या' यांच्यावर पडतील. घराच्या, रस्त्याच्या, गेल्यावर, करण्यासाठी, माझ्या, त्यांच्या. आपलं सामान्यरूपच असं आहे की एका ओळीत तीन-चारदा तरी कोणीतरी 'य'ला येऊन चिकटतो. हिंदीत 'का, के, की' शब्दापासून सुटे उभे राहतात, तिथे ही दाटी इतकी होत नाही. म्हणून हिंदी मजकुरावर तपासून पास झालेला फॉन्ट मराठी कादंबरीला लावला की पान काळवंडतं, आणि प्रकाशक म्हणतो, ओळींमधली जागा वाढवा. जागा वाढवून काय होणार? अर्धा 'ण' किती अरुंद करायचा, अर्ध्या 'ल'च्या पाकळीला किती जागा द्यायची, 'य'चं पोट किती मोकळं ठेवायचं, हे मराठीच्या फॉन्टमध्ये सुरुवातीलाच ठरवावं लागतं. मुळाक्षरं सगळी सजवून झाली आणि मग जोडाक्षरांकडे वळलो, तर 'य' पुन्हा काढावा लागतो, आणि 'य' बदलला की त्याच्या घरातला 'थ'ही बदलायला घ्यावा लागतो.

वर्गाने बोट ठेवलं, आता तू मोज. कुठलं जोडाक्षर मराठीत किती वेळा येतं याची यादी स्वतः कर. एक कादंबरी घे, एक दिवसाचं वर्तमानपत्र, एक शालेय पाठ्यपुस्तक आणि एक सरकारी परिपत्रक, प्रत्येकातून सारख्या संख्येचे शब्द. परिपत्रक मुद्दाम सांगते, कारण तिथे 'अन्वये', 'प्राधिकृत', 'निर्दिष्ट' यांचं राज्य असतं आणि कादंबरीत तोंडी भाषेचं. दोन्हीकडची यादी वेगळी निघते. मोजणी संगणकाकडून करून घे, पण पहिली चार पानं हातानेच मोज. हाताने मोजताना जे दिसतं ते प्रोग्रॅमला शोधायला सांगावं हे आधी सुचतच नाही. या वाटेने कोणी गेलंच नाही असं समजू नकोस. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1961 साली एस. व्ही. भागवत यांचा मराठीतल्या ध्वनींच्या वारंवारतेचा अभ्यास छापला होता. वेगाने लिहिता येईल अशी लिपी तयार करायची, हा त्यामागचा हेतू. म्हणजे त्यांनाही मोजायला लावलं ते एका कामानेच. ते पुस्तक ग्रंथालयात बसून वाच आणि त्यांनी कसं मोजलं ते आधी बघ.

तू केलेली यादी मग तीन ठिकाणी लागते. फॉन्टमध्ये कुठली अक्षरं आधी काढायची हे ती ठरवते, प्रबंधात तिचं एक प्रकरण होतं, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना सरावाला कुठले शब्द द्यायचे हे तिच्यातूनच निघतं. नाहीतर वर्षानुवर्षं आपण मुलांना 'श्री', 'ॐ' आणि 'गणेश' काढायला लावतोय. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला ते ठीक आहे. त्यातून मजकुराचं अक्षर काढायला कोणी शिकत नाही.

तपासणीच्या कागदावर 'दर्या' आणि 'दऱ्या' शेजारी शेजारी असलेच पाहिजेत. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हीसुद्धा जोडी घाल, पंगतीत कोणाला बोलवायचं आणि व्यासपीठावर कोणाला, याचा घोळ होऊ नये म्हणून. वाऱ्यावर, तऱ्हा, कुऱ्हाड, बिऱ्हाड हे शब्द घाल. हा आडवा अर्धा 'र' मराठीला रोज लागतो. पण मोबाइलवर तो टाइप करण्याची खटपट नको म्हणून पुष्कळ मुलं सरळ रफार देऊन मोकळी होतात, आणि पुढे त्यांना फरक दिसेनासाच होतो. तसंच 'ल' आणि 'श'चं. शासनाने 2009 साली मराठी वर्णमालेबाबत निर्णय काढला, त्यात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' वापरायचं ठरलं. युनिकोडमध्ये मात्र मराठी 'ल' आणि हिंदी 'ल' यांचा क्रमांक एकच. त्यामुळे दोन्ही आकार फॉन्टमध्येच ठेवून, मजकुराची भाषा मराठी असेल तेव्हा आपला आकार आपोआप यावा, अशी सोय करावी लागते. आणि ती केली तरी मजकूर लावणाऱ्याने भाषा मराठी निवडलेली नसेल तर हिंदी 'ल'च उमटतो. हे वर्गात प्रत्यक्ष करून दाखव. ऐकून कुणी विश्वास ठेवत नाही.

मुलांना पहिला गृहपाठ द्यायचा तो असा: घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडून अ, झ, ल, श, ण आणि एक ते नऊ आकडे कागदावर लिहून घ्या. वय, गाव आणि शाळा कुठल्या माध्यमाची होती, एवढं नोंदवा. नाव नको. काय करणार आहोत हे सांगून आधी परवानगी घ्या. दोन तऱ्हेचे 'अ', दोन तऱ्हेचे 'झ' एकाच वर्गात येऊन पडतात, मग मुलांमध्ये बरोबर कोणाचा यावर भांडण लागतं. लागू दे. तू न्यायाधीश होऊ नकोस. छापखान्यांच्या जुन्या टाइपांचे नमुने काढ आणि कुठला आकार कुठल्या छापखान्यात दिसतो ते शोधायला लाव. असे कागद दरवर्षी जपून ठेवलेस तर काही वर्षांनी तुझ्याकडे जो संग्रह होईल तो कुठल्याही ग्रंथालयात मिळणार नाही.

आता शिरोरेषेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण काम, अभ्यास आणि वर्ग यांच्यात प्रश्न कसा फिरतो हे तिच्याइतकं दुसऱ्या कशात दिसत नाही. शाळेत आपण आधी अक्षरं लिहितो आणि शब्द संपला की वरून रेघ ओढतो. मोडी लिहिणारा उलटं करायचा. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ आखायची आणि मग तिच्याखाली लिहीत जायचं, हात फारसा न उचलता. शिशाच्या खिळ्यांच्या काळात रेघ प्रत्येक खिळ्यावर ओतलेली असायची. जुळाऱ्याने खिळे शेजारी बसवले की ती जुळायची, आणि खिळे झिजले की तुटक दिसायची. जुन्या पोथ्या-पुस्तकांत ते बारीक बारीक खंड भिंगाखाली बघ. आता फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रेघ दोन्ही बाजूंनी किंचित बाहेर काढून पुढच्या अक्षरावर चढवतात, म्हणजे फट राहत नाही. लिपी तीच, पण रेघ कधी पडते यावर अक्षरांमधलं अंतर बदलतं.

हे सांगून भागत नाही, करून बघावं लागतं. एकच वाक्य मुलांना तीनदा लिहायला लाव. एकदा रेघ शेवटी, एकदा रेघ आधी, एकदा रेघ अजिबात नाही. मग फूटपट्टी घेऊन अक्षरांमधली अंतरं मोजा. रेघ आधी असली की पुष्कळांचा हात अक्षरं जवळ आणायला लागतो. रेघ नसली की शब्द कुठे संपला हे दाखवायला दोन शब्दांतली जागा वाढवावी लागते. मथळ्याच्या अक्षरात शिरोरेषा काढून टाकायची हौस क्लायंटना भारी. पुढच्या वेळी कोणी ती मागणी केली की तुझ्या हातात वर्गातली ती मापं असतील. 'छान दिसत नाही' म्हणून क्लायंट ऐकत नाही. 'एवढ्या लांबून वाचता येत नाही' म्हटलं तर ऐकतो. निदान काही जण तरी ऐकतात.

बोरूचंही तसंच. बाजारात मिळणारी बहुतेक कॅलिग्राफीची निबं रोमनसाठी कापलेली असतात. देवनागरीच्या बोरूची कापणी उलट्या बाजूला कललेली, म्हणून जाड-बारीक भाग रोमनपेक्षा वेगळ्या जागी पडतात. मुलांना बोरू स्वतः कापायला लाव. दोन तास जातील, बोटं काळी होतील, पण नंतर संगणकावर अक्षर काढताना जाडी कुठे द्यायची हे मुलं विचारणार नाहीत.

धंद्यात तुला ऐकवतील की ज्याला काम मिळत नाही तो मास्तर होतो. कॉलेजात ऐकवतील की बाहेरची कामं करणारी बाई वर्गात अर्धीच असते. दोन्हीकडच्यांना र. कृ. जोशींचं नाव सांग. उल्का या जाहिरात कंपनीत त्यांनी वर्षानुवर्षं कलादिग्दर्शक म्हणून काढली, कविता लिहिल्या, सुलेखनाचे प्रयोग केले. मग 1983 पासून पवईला आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात म्हणजे आयडीसीत शिकवलं. तिथून निवृत्त झाल्यावर एनसीएसटी या सॉफ्टवेअरच्या संस्थेत बसून संगणकासाठी भारतीय लिप्यांची अक्षरं केली. विंडोजबरोबर घरोघरी पोचलेला 'मंगल' त्यांचाच. तमिळचा 'लता', गुजरातीचा 'श्रुती', कानडीचा 'तुंगा' हेही. एका माणसाला इतक्या लिप्यांना हात घालता आला, कारण या सगळ्या लिप्यांची मुळं आणि त्यांची हस्तलिखितं तो आधीपासून चाळत होता. त्यातलं पुष्कळसं तर जाहिरातीच्या नोकरीत असताना. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अच्युत पालव जे.जे.तून बाहेर पडले, तेव्हा मोडीचा अभ्यास करायला त्यांना शिष्यवृत्ती दिली ती कुठल्या विद्यापीठाने नाही, उल्काने. साबण-तेलाच्या जाहिराती करणाऱ्या कंपनीने मोडीवर पैसे घालावेत, हे आज कुठल्या एजन्सीत सांगून बघ! पालवांच्या पुढच्या सुलेखनात मोडीचं वळण दिसतं ते तिथून आलं.

त्याच्या कितीतरी आधी कारखाना हीच शाळा होती. जावजी दादाजी लहान वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. टॉमस ग्रॅहम तिथे देवनागरीचे टाइप घडवत होते. जावजींनी पुढे स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला, 1869 साली निर्णयसागर छापखाना उभा केला, आणि राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांनी भारतभर संस्कृत ग्रंथ छापले गेले. बापूराव नाईकांनी देवनागरीच्या मुद्रणाचा तीन खंडांचा ग्रंथ लिहिला, तो भाषा संचालनालयाने 1971 साली काढला. तो छापखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाचा आहे, हे त्याच्या पानापानावर कळतं. खिळ्यांच्या पेटीत किती घरं होती आणि जुळाऱ्याचा हात कुठवर जात होता, याची माहिती फक्त सौंदर्यशास्त्र वाचलेल्या माणसाला सुचत नाही. तो ग्रंथ विकत मिळाला तर सोडू नकोस, किंमत विचारू नकोस.

पीएच.डी.चं ऐक. नोकरीतल्या गुणांसाठी विषय निवडू नकोस. ज्या प्रश्नाने दोनदा तरी तुझं काम अडवलंय तोच विषय घे. फिओना रॉस 1978 साली इंग्लंडात लायनोटाइप कंपनीत गेल्या. बंगाली, देवनागरी अशा लिप्यांच्या टाइपांचं काम त्यांच्याकडे होतं. टिम हॉलोवे यांच्याबरोबर बंगालीचा टाइप करता करता जे प्रश्न पडले, त्यांतून छापील बंगाली अक्षराच्या इतिहासावरचा त्यांचा प्रबंध उभा राहिला, आणि मग रेडिंग विद्यापीठात त्यांनी कित्येक देशांतल्या मुलांना शिकवलं. आपल्याकडे गिरीश दळवींनी देवनागरी टाइपफेसवर आयआयटी मुंबईत पीएच.डी. केली, ते तिथेच शिकवतात आणि 'एक टाइप'मध्ये सहकाऱ्यांबरोबर अक्षरंही करतात. तिथले 'मुक्ता' आणि 'बलू' हे फॉन्ट तू रोज वापरतेस. अक्षराच्या अवयवांना नावं काय द्यायची, वर्गीकरण कसं करायचं, हा त्यांच्या अभ्यासाचा भाग. नावं ठरलेली नसली की वर्गात शिक्षक नुसता हातवारे करतो: 'ते हे जरा वर घे, ते इकडचं बारीक कर.' तुझ्या वर्गात पहिल्याच आठवड्यात नावं ठरवून घे. काना, वेलांटी, गाठ, पोट, देठ, पाकळी. जिथे नाव नाही तिथे मुलांना नाव ठेवायला सांग आणि वर्षभर तेच वापर.

मुलांच्या कागदावर स्वतःची पेन्सिल चालवू नकोस. वर ट्रेसिंग पेपर ठेव आणि त्यावर दुरुस्ती कर. मुलाचं काम त्याचं राहतं आणि ट्रेसिंगचे कागद तुझ्याकडे साठतात. सेमिस्टरच्या शेवटी ते एकावर एक ठेवून उजेडात धर. सगळ्यांचा 'ळ' एकाच बाजूला कलंडत असेल तर दोष मुलांच्या हातात शोधू नकोस. एक तर तू शिकवताना काही सोडलंस, किंवा त्या अक्षरातच अशी काही अडचण आहे जिच्यावर अजून कोणी नीट लिहिलेलं नाही. दुसरं निघालं तर निबंधाला विषय मिळाला.

'असंच असतं' हे उत्तर वर्गात देऊ नकोस. 'माहीत नाही, पुढच्या गुरुवारी सांगते' म्हण, आणि गुरुवारी खरंच सांग. त्यासाठी वेगळी वही नको. कामाचे आराखडे ज्या वहीत करतेस त्याच वहीत मुलांचे प्रश्न लिही, म्हणजे आराखडा शोधताना प्रश्न डोळ्यांसमोर येतो.

ज्युरीच्या महिन्यात मोठं काम घेऊ नकोस. पैसे कितीही असोत.

काही कामं वर्गात नेता येणार नाहीत. क्लायंटशी गुप्ततेचा करार असेल तर त्याची अक्षरं दाखवायची नाहीत, अगदी 'नुसती एक झलक' म्हणूनसुद्धा नाही. अशा वेळी अडचण उचल, अक्षर उचलू नकोस. तीच अडचण एखाद्या जुन्या छापील पुस्तकात सापडते का बघ आणि मुलांसमोर ते पान ठेव. बहुतेक वेळा सापडतं, कारण वेलांटी कान्यापर्यंत पोचवायची कशी हा प्रश्न 'स्थिती' आणि 'क्लिष्ट' छापणाऱ्या प्रत्येकाला पडलेला आहे.

आणि मुलांकडून आपल्या फॉन्टची अक्षरं फुकटात काढून घ्यायची नाहीत. 'सराव होतो की त्यांना' असं म्हणणारे शिक्षक तुला भेटतील, प्रतिष्ठितसुद्धा असतील. मुलांनी डाग शोधले, अंतरं मोजली, घरून नमुने आणले, हा त्यांचा अभ्यास आहे. तो प्रबंधात वापरायचा तर त्यांना विचारून आणि ऋणनिर्देशात वर्गाचा उल्लेख करून. पण एखादीने काढलेला आकार तुला इतका आवडला की तो विकायच्या फॉन्टमध्ये घ्यावासा वाटला, तर आधी तिच्याशी लेखी ठरव, पैसे दे. फॉन्टच्या फाइलीत डिझायनरच्या नावासाठी एक रकाना असतो. पुष्कळ लोक त्यात नुसतं स्टुडिओचं नाव टाकून मोकळे होतात. तू तिथे तिचं नाव लिही, आणि स्पेलिंग तिलाच विचारून घे.